मी काट्यावरून उतरले नाही

आमच्या घरात कोणतीही वस्तू तोलल्याशिवाय आत येत नाही आणि कोणतेही मत तोलल्याशिवाय बाहेर पडत नाही. निदान माझ्या हयातीत तरी हाच शिरस्ता आहे. आम्ही वजनकाटेवाले. हमरस्त्याला लागून आमचा काटा आहे: भरलेली मालमोटार उभी राहील एवढा लोखंडी चौथरा, त्याच्या कडेला काचेची खोली आणि त्या खोलीच्या मागे राहते घर. यजमान गेले तेव्हा काटा विकून टाकावा असे सांगायला चार नातलग आले होते. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावले. तेव्हापासून काचेच्या खोलीतली खुर्ची माझी आहे.

त्या खुर्चीवर बसून मी आयुष्यभर मीठ तोलले. धान्य येई, सिमेंट येई, लाकूड येई. पण मिठाच्या गाड्या सर्वांत जास्त. उत्तरेकडे, दोन दिवसांच्या वाटेवर, मिठाचे एक पठार आहे. तिकडून येणारे चालक ताडपत्रीच्या दोऱ्या आवळता आवळता सांगत, की तिथे जमीन दुधासारखी पांढरी आहे, आभाळ कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि वारा थांबला की माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो. मी त्यांच्या पावतीवर शिक्का मारी आणि पुढच्या गाडीला हात करी. ज्या मिठाने आमची चूल पेटती ठेवली ते येते कुठून, हे पाहायला मला सवड झाली नाही. म्हणून यंदा चिरंजीवांनी आमची मोठी जीप मुक्कामाच्या सोयींनी सजवून थेट त्या पठारावर नेण्याचा बेत जेवताना जाहीर केला, तेव्हा मी एवढेच विचारले, "निघायचं कधी?"

चिरंजीवांचा घास हातातच राहिला. सूनबाई वाढायच्या थांबल्या. माझी नात तेवढी खुदकन हसली.

"आई, तू?"

"नाही, शेजारीण. मीच, दुसरं कोण?"

"अगं, तिथे हॉटेल नाही, न्हाणीघर नाही. गाडीच्या टपावर तंबू असतो, शिडीने चढावं लागतं. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्या पायांत आहेत. तुझ्या तोंडात कशाला आले?"

"तू तेवढे दिवस ताईकडे राहा ना. तिने खोलीसुद्धा आवरून ठेवलीय."

म्हणजे मला कुठे ठेवायचे हे भावाबहिणींचे ठरून झाले होते. मला सांगणे तेवढे बाकी होते.

"गाडी कोणाच्या नावावर आहे?" मी विचारले.

"आई, तो मुद्दा नाही."

"ज्याचं उत्तर तुला अडचणीचं, तो तुझ्या लेखी मुद्दाच नसतो. गाडी माझ्या नावावर आहे. तिला काय जोडायचं आणि काय काढायचं ते माझ्यासमोर ठरेल. आणि चालकाशेजारची सीट माझी."

चिरंजीव पन्नाशी ओलांडलेले, प्रकृतीने सुदृढ. सुदृढ हा शब्द मी आई म्हणून वापरते आहे, काटेवाली म्हणून नव्हे. त्यांनी पाणी प्यायले, तोंड पुसले आणि आपल्या मते हुकमाचा पत्ता टाकला.

"ठीक आहे. पण गाडीची वजनमर्यादा ठरलेली आहे. सगळं जोडून झाल्यावर आपल्याच काट्यावर घालू. मर्यादेत बसली तर तू ये. नाही बसली तर ताईकडे. नियम तुझाच."

"कबूल. काटा सांगेल ते," मी म्हणाले. काट्याला नाही म्हणणे मला या जन्मात शक्य नव्हते, आणि हे ते पुरते ओळखून होते.

गाड्या सजवणाऱ्या कारागिराला सगळे पैलवान म्हणतात, कारण त्याचा अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबतो. त्याच्या कारखान्यात रबराचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असतो; एका भिंतीला उपटलेल्या सीटा टेकवलेल्या, दुसऱ्या भिंतीवर पाने आणि पकडी उतरत्या क्रमाने टांगलेल्या. मी पहिल्याच दिवशी तिथे एक स्टूल मागवून घेतले.

"आजी, अशी गाडी करून देतो की डोंगर बाजूला सरून वाट देतील!"

"डोंगर आहेत तिथे बरे आहेत. मला चढायला पायरी हवी, दाराशी धरायला दांडा हवा, आणि झोपायची फळी माझ्या गुडघ्याच्या उंचीला हवी."

"फळी? पण साहेबांनी तर टपावरचा तंबू..."

"टपावर सामान झोपतं. मी आत झोपेन."

पैलवानाने चिरंजीवांकडे पाहिले. चिरंजीवांनी टपाकडे पाहिले. त्या दोघांची गट्टी पहिल्या दिवसापासून जमलेली होती. एकाला विकायचे होते, दुसऱ्याला हवे होते. अशा वेळी मध्ये शहाण्या माणसाला जागा नसते. पुढे जाड पोलादी बंपर आला, त्यात दोर गुंडाळणारी विंच आली, टपावर लोखंडी चौकट आली, चौकटीवर पेटीसारखा बंद होणारा तंबू आला. पुढे दिव्यांची रांग, मागे दुसरी स्टेपनी, दोन जेरीकॅन, जादा बॅटरी आणि बॅटरीवर चालणारा फ्रिज.

"एवढे दिवे कशाला? लग्नाची वरात निघालीय का?"

"आई, अंधारात लागतात."

"अंधारात झोपायचं असतं."

माझे काम मात्र मी मनासारखे करून घेतले. सीटांची शेवटची ओळ काढून टाकली. मधली ओळ रात्री पाडली की तिच्यावर उलगडेल अशी, बिजागऱ्यांवर दुमडणारी प्लायवुडची फळी बसवली. तिच्या खाली खण. खण ओढताना खडखड करत होते, तेव्हा मी त्यांच्या कडांना जाड बनातीच्या पट्ट्या लावायला सांगितल्या. फळीचा कोपरा नडगीला लागेल असा टोकदार होता. तो माझ्यासमोर घासून गोल झाला. दाराच्या बाजूला कापडी कनात बसवली, ओढली की सावली देणारी. मग मी चपला काढल्या आणि भर कारखान्यात त्या फळीवर आडवी झाले. पैलवानाने अदबीने पाठ फिरवली.

"डोक्याकडे चार बोटं कमी पडतात."

"आजी, तिथे खणाची कडी येते."

"कडी हलव. डोकं हलणार नाही."

गाडी तयार झाली त्या दुपारी आम्ही ती काट्यावर घेतली. आमच्या काट्याचा एक कायदा आहे. इंजिन बंद, हातब्रेक वर, आणि सगळी माणसे खाली. हा कायदा उगाच झालेला नाही. रिकाम्या गाडीत दोन माणसे दडवायची आणि भरलेल्या गाडीतून ती उतरवायची, म्हणजे माल तेवढा कमी दिसतो. ही लबाडी मी इतक्यांची पकडली आहे की चौथऱ्यावर गाडी आली की माझा हात आपोआप 'उतरा' म्हणतो. त्या दिवशीही म्हणाला. नात चालकाच्या जागेवरून उतरली, सूनबाई उतरल्या, चिरंजीव उतरले. मी काचेच्या खोलीत जाऊन आकडा वाचला. पाणी, इंधन, भांडी, अंथरुणे, सगळे भरून गाडी दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा चाळीस किलो खाली होती.

"बसली!" नात ओरडली.

चिरंजीवांनी स्वतः आत येऊन आकडा पाहिला. मग, "ठीक आहे, चल मग," म्हणाले. औषध गिळताना म्हणतात तसे.

निघण्याआधी एक चक्कर मारून पाहावी म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीकडे गेलो. गाडी नात चालवत होती. तिचा हात चांगला आहे, आजोबांसारखा. डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळे सुखात चालले. खाणीच्या उतारावर पहिला खड्डा आला आणि मागून असा दणका बसला की सूनबाईंचे डोके छताला लागले. दुसऱ्या खड्ड्यात चाक वर कुठेतरी घासल्याचा करकर आवाज आला, आणि गाडी बूड टेकवून एका दगडावर बसली ती बसलीच.

"उतरा सगळे," चिरंजीव म्हणाले. आम्ही उतरलो. ते गुडघ्यावर बसून खाली डोकावले. "मागच्या स्प्रिंगचे पाटे पार दबलेत. वजन जास्त झालंय, आई."

"वजन मी स्वतः केलं आहे."

"मग हे काय आहे?"

मी वाकून पाहिले. आणि पाहता पाहता माझ्या लक्षात आले की चाक आता कुठेच घासत नव्हते. आम्ही चौघे उतरताच गाडी चांगली दोन बोटे वर आली होती. बूडही दगडावरून सुटले होते. मी त्या चाकाकडे पाहिले, मग चिरंजीवांकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

जगातले कोणतेही कुटुंब गाडीत किती माणसे बसणार हे आधी मोजते. आम्ही चमचे मोजले, बिजागऱ्या मोजल्या, पाण्याचा थेंबन् थेंब तोलला. माणसे धरलीच नाहीत. आमच्या लेखी गाडीचे वजन म्हणजे माणसे उतरल्यावर जे उरते ते. चूक आमच्या घराण्याची होती, आणि घराणे म्हणजे मी.

मी हे मोठ्याने सांगितले. नात खाणीच्या काठावर बसून पोट धरून हसली. चिरंजीव हसले नाहीत. माझ्या चुकीत त्यांना स्वतःची बाजू सापडली होती.

"म्हणजे चाळीस किलोंची जागा आणि चार माणसं. संपलं, आई. काटा सांगेल ते, असं तूच म्हणाली होतीस."

"काट्याने अजून काही सांगितलेलं नाही. आपण त्याला पुरतं विचारलंच कुठे?"

परतताना गाडी दाखवायला कारखान्यात थांबलो, तेव्हा पैलवानाने तोड काढली. "जाड पाटे टाकू, आजी. मग हत्ती बसवा."

"पाटे जाड केले म्हणून दाराच्या पट्टीवरचा आकडा बदलत नाही. हे मी पन्नास मालकांना ऐकवून त्यांच्या गाड्या परत पाठवल्यात. आता माझ्या गाडीसाठी वेगळा कायदा काढू? उद्या सकाळी पाने-पकडी घेऊन काट्यावर ये."

सकाळी काट्यावर तीन मालमोटारी रांगेत होत्या. मी त्यांना थांबवले. नाही कोणी म्हटले नाही. जीप चौथऱ्यावर आणली. नात चालकाच्या जागेवर, सूनबाई आणि चिरंजीव मधल्या ओळीत, मी पुढे. काचेच्या खोलीत मी पैलवानाला बसवले. आकडा वाचण्यापुरती त्याला अक्कल आहे. मालमोटारींचे चालक खाली उतरून कुंपणाला टेकून उभे राहिले. काटेवाली स्वतः काट्यावर बसली आहे, हे दृश्य त्यांनी यापूर्वी पाहिले नव्हते.

"आई," चिरंजीव मागून हळू आवाजात म्हणाले, "लोक बघतायत. तू उतर, खुर्चीवर जाऊन बस. आधी तुझ्याशिवाय वजन करू."

"मी काट्यावरून उतरणार नाही. चाळीस वर्षं मी लोकांना उतरवलं. आज माणसांसकट वजन होईल. पैलवान, वाच!"

पैलवानाने वाचले. आम्ही मर्यादेच्या दोनशे वीस किलो वर होतो. कुंपणापाशी कोणीतरी शीळ घातली.

"बघितलंस?" चिरंजीव म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, जिंकलेल्या माणसाचा होतो तसा. "मी ताईला फोन करतो."

"फोन खिशात ठेव. माझं वजन बावन्न. मी उतरले असं धर. गाडी किती जड राहिली?"

नातीने चटकन सांगितले, "एकशे अडुसष्ट, आजी."

"म्हणजे मी ताईकडच्या आवरलेल्या खोलीत जाऊन बसले, तरी तुझी गाडी या चौथऱ्यावरून हलू शकत नाही. मी उतरल्याने गाडी हलकी होणार नाही. फक्त तुझी सोय होईल. बरं, आता तू उतरलास असं धरू."

"मी?"

"वजनाचाच प्रश्न असेल तर सुरुवात जडापासून करायची असते. तुझं किती?"

"आई, सगळ्यांसमोर..."

"शंभर आणि चार," सूनबाई म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर त्या फारशा बोललेल्या नाहीत; त्या सकाळी मात्र त्यांचा आवाज कुंपणापर्यंत गेला. "तरी एकशे सोळा जास्तच राहतात, आई. म्हणजे हे उतरूनही भागत नाही."

चालक मोठ्याने हसले. चिरंजीवांनी बायकोकडे असे पाहिले, की ही कधी फितूर झाली.

"ऐकलंस? ही माणसं जड नाहीत. हे लोखंड जड आहे. पैलवान, बाहेर ये आणि टपावर चढ."

आधी तंबू सुटला, मग त्याखालची चौकट. पैलवान प्रत्येक बोल्ट असा फिरवत होता जणू स्वतःचा दात उपटतो आहे. "आजी, हे माझं आजवरचं सर्वांत देखणं काम आहे हो."

"देखणं आहे म्हणून तर घरात ठेवते. कोपऱ्यात ठेव. येऊन बघत जा."

विंच सुटली, पोलादी बंपर उतरला, दुसरी स्टेपनी गेली, दिव्यांची रांग गेली. फ्रिजवर नातीने हात ठेवला होता. मी नुसते पाहिले, तिने हात काढला. मग मी माझी कपड्यांची पोलादी पेटी मागवली, चार लुगडी पिशवीत काढली आणि पेटी स्वतः खाली ठेवली. न्याय करायचा तर घरापासून करावा.

"आणि ती फळी?" चिरंजीवांनी विचारले. "फळी, पायरी, दांडा?"

"फळी राहील."

आम्ही चौघे पुन्हा आपापल्या जागी बसलो आणि पैलवान काचेच्या खोलीत गेला. आकडा मर्यादेत आला. खाली फार नाही, दोन पिशव्या भाजी बसेल एवढाच. मागच्या मालमोटारीने हॉर्न दिला. मी आता उतरणार तेवढ्यात चिरंजीव मागून उतरून माझ्या दारापाशी आले आणि दांडा धरून उभे राहिले.

"मी येत नाही, आई. तंबू नाही, विंच नाही. तिथे गाडी रुतली तर?"

"फावडं आहे. आणि चार माणसं उतरली की गाडी वर येते, हे काल डोळ्यांनी बघितलंस."

"आणि मी झोपू कुठे?"

"जमिनीवर. मिठात ठेवलेलं खराब होत नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि जे इतके दिवस गुडघ्यांच्या, शिड्यांच्या आणि किलोंच्या आड ठेवले होते ते अखेर बाहेर आले.

"तुला तिथे काही झालं तर? दोन दिवसांची वाट आहे. जवळ डॉक्टर नाही, फोन लागत नाही. मी काय करू?"

"आणि इथे झालं तर?" मी विचारले. "त्या काचेच्या खोलीत, खुर्चीवर, पावतीवर शिक्का मारता मारता? तेव्हा काय करशील?"

त्यांची नजर काचेच्या खोलीकडे गेली.

"तिथेही तेच करशील जे इथे केलं असतंस. फरक एवढाच, की खुर्चीवर गेले तर लोक म्हणतील, बाई शेवटपर्यंत काम करत होती. आणि तिथे गेले तर म्हणतील, मुलाने नेलंच कशाला. तुला माझी काळजी आहे, हे मी नाकारत नाही. पण त्यात लोकांची भीती किती आणि माझी काळजी किती, ते तूच तोलून पाहा. मला सांगू नकोस. आता दांडा सोड, मागे गाड्या खोळंबल्यात."

त्यांनी दांडा सोडला.

तीन दिवसांनी आम्ही निघालो. चिरंजीव येणार की नाही, हे मी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते. उजाडल्यावर ते एक लहानशी पिशवी घेऊन बाहेर आले आणि सवयीने चालकाच्या दाराकडे गेले. तिथे नात बसली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समोर रस्त्याकडे पाहत होते. ते वळसा घालून मागे गेले, सूनबाईंनी सरकून जागा दिली, आणि दार लागले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना झाडे संपली, मग दगड संपले, मग रंगही संपले. नातीने गाडी थांबवली. मी दार उघडले, दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला आणि खाली उतरले. पायाखाली कुरकुर वाजले. चालक सांगत ते खरे होते; फक्त पांढरा हा शब्द फार लहान पडतो, हे त्यांनी सांगितले नव्हते. मी वाकून एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. मग पाठीमागे हात बांधून सरळ चालत गेले, गाडीतल्या लोकांची कुजबुज ऐकू येईनाशी होईपर्यंत. कोणी हाक मारली नाही. मारली असती तरी मी वळले नसते.

परत आले तेव्हा सूनबाई पाणी तापवत होत्या आणि चिरंजीव कनातीची खुंटी ठोकत होते. मिठाचा थर कठीण होता. ते घामाघूम झाले होते. दोन दिवसांत ते माझ्याशी जेमतेम चार वाक्ये बोलले होते.

"झालं ना मनासारखं?" त्यांनी मान वर न करता विचारले. "पाहिलंस ना सगळं? मग उद्या सकाळी लवकर निघू."

"परवा."

"आई, एकच रात्र ठरली होती."

"ठरवली कोणी होती?"

त्यांनी हातोडा थांबवला. माझ्याकडे पाहिले, माझ्या मागच्या त्या अफाट पांढऱ्या जमिनीकडे पाहिले, आणि बहुधा प्रथमच ती त्यांना दिसली असावी, कारण ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

"पाणी पुरेल का, तेवढं बघतो," ते म्हणाले, आणि दुसरी खुंटी घेऊन पलीकडच्या बाजूला गेले.